भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करताना बायांची नावं कुठे आणि कशी नोंदवायची?

गावचं_वाचनालय

नमस्कार मंडळी. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावातून लिहितो आहे. यंदा भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी नीट रेकॉर्ड करायचं आमच्या वाचनालयाने ठरवलं आहे. गाणाऱ्या अकरा जणी आहेत, त्यातल्या चौघी सत्तरीच्या पुढच्या. दोघींना जात्यावरच्या ओव्याही भरपूर येतात आणि जातं अजून घरात आहे. सामान म्हणाल तर दोन अँड्रॉइड मोबाईल, वर दोन माइक असलेला एक छोटा रेकॉर्डर, भजनी मंडळाची पेटी, ढोलकी आणि खंजिरी.

अडचणी अशा. मागच्या वर्षी मोबाईलवर जे घेतलं त्यात खंजिरी आणि टाळ्याच ऐकू येतात, शब्द लागत नाहीत. पेटी लावली की बायांचा आवाज एक तर घोगरा होतो, नाहीतर त्या गायच्याच थांबतात. दुसरं म्हणजे, याच भागातलं एक गाणं एका चॅनेलवर चढलं आहे. खाली ‘गीत-संगीत पारंपरिक’ आणि सादरकर्ता म्हणून चॅनेलवाल्याचं नाव, गाणाऱ्या सात जणींपैकी एकीचंही नाही. आमच्या हातून तसं व्हायला नको.

शिवाय कोजागिरीला चाळीस मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. लोकप्रिय संगीतात बायांनी केलेलं जे काम कुणाला माहीत नाही किंवा भलत्याच नावावर आहे, त्याबद्दल. लताबाई-आशाबाई गायल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापलीकडचं, खात्रीचं आणि वाजवून दाखवता येईल असं काय घ्यावं?


काळी_पाच

पेटीचं आधी सांगतो, कारण निम्मी गडबड तिथेच आहे. भजनी मंडळातला पेटीवाला बहुतेक पुरुष असतो आणि त्याचा हात काळी एक किंवा काळी दोनवर (म्हणजे पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी सा धरून) बसलेला असतो. बायांचा आवाज साधारण काळी चार ते काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. काळी एक धरली की खालचा सा बाईला लागत नाही, तिथे ती घोगरी होते. वरचा धरला तर ओळ पंचमाच्या पुढे गेली की आवाज फाटतो. मग ‘बायांना सूर नाही’ असं म्हणून मोकळं व्हायचं, ही जुनी रीत. सूर त्यांना आहे, पट्टी त्यांची नाही.

म्हणून पहिल्यांदा पेटी बंद ठेवा. बायांना आपल्या आपण उचलू द्या, दोन कडवी झाली की त्या कुठे बसल्या ते पेटीवर हळूच शोधा आणि वहीत लिहा: ‘गाणं ३, काळी चार’. पुष्कळदा त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात बसतात. पेटीला तो सूर काढता येत नाही, तेव्हा तिला बाजूलाच ठेवा. फारच आधार हवा असेल तर मोबाईलवरचा तानपुरा लावा, त्यात सूर थोडाथोडा वर-खाली सरकवता येतो. पण तो एकीच्या कानात इयरफोनने द्या, रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नका. लांब गाण्यात सूर अर्धी पट्टी चढतो किंवा उतरतो, ती चूक समजू नका आणि नंतर संगणकावर दुरुस्त करायला जाऊ नका.

जागा. देवळाचा सभामंडप आणि टिनाचं छत दोन्ही टाळा, घुमतं. सारवलेली मातीची खोली सगळ्यात चांगली. फरशीची खोली असेल तर खाली सतरंजी आणि दोन भिंतींवर गोधड्या टांगा. पंखा, फ्रीज बंद. शेजारी मोटारपंप चालू असेल तर त्याची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येतेच, त्याची वेळ विचारून घ्या. भाद्रपदात रातकिडे फार. त्यांचा आवाज उंच पट्टीतला असतो, नंतर फिल्टर लावून काढायला गेलं की ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरंही बोथट होतात. म्हणून खिडक्या लावून बसा आणि तीन गाण्यांनंतर उघडा, घामाने बेजार झालेला माणूस नीट गात नाही.

बसण्याची पद्धत: बाया अर्धगोलात, पुढे म्हणणारी मधोमध, झेलणाऱ्या (तिच्या मागून ओळ म्हणणाऱ्या) दोन्ही बाजूंना. रेकॉर्डर तिच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर, बसलेल्या बाईच्या हनुवटीच्या उंचीला, स्टूलवर घडी केलेल्या टॉवेलवर. थेट जमिनीवर ठेवला की ढोलकीचा प्रत्येक दणका खालून चढतो. खंजिरीवाली रेकॉर्डरच्या पाठीमागे आठ-दहा फुटांवर बसवा. खंजिरीच्या चकत्या आणि बायांचे शब्द एकाच उंच पट्टीत भांडतात, तुमच्या मागच्या रेकॉर्डिंगचं तेच झालं. तरी प्रत्येक गाणं एकदा खंजिरीसकट आणि एकदा नुसतं घ्याच. पहिलं ऐकायला, दुसरं शब्द उतरवायला.

रेकॉर्डरमधली आपोआप आवाज जुळवायची सोय बंद करा. ती चालू असली की प्रत्येक टाळीला यंत्र दचकून आवाज खाली ओढतं आणि पुढचे दोन शब्द गिळतं. सगळ्यात जोराच्या टाळीला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढं ठेवा. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात, म्हणजे तासाला १ जीबी. ३२ जीबीच्या कार्डात तुमचा महिना आरामात निघतो. मोबाईल फक्त दुसरी प्रत म्हणून ठेवा, विमान मोडवर.

जात्याचं वेगळं. जातं थांबवून ओव्या म्हणा असं सांगितलं तर पुष्कळ बाया दोन ओव्यांत अडकतात, कारण ओवीची लय हाताच्या फेऱ्यात असते. जात्यात मूठभर ज्वारी घालत राहा. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड घासून कर्कश आवाज होतो आणि जातंही खराब होतं. घरघर बरीचशी खालच्या पट्टीत असते, रेकॉर्डरमधला ८० हर्ट्झचा लो-कट चालू केला की जड भाग जातो. माइक तोंडापासून फूटभर, खुंटा धरलेल्या हाताच्या उलट्या बाजूला. बाई पुढे-मागे डुलते, म्हणून समोर ठेवू नका, आवाज येतो-जातो. नंतर त्याच ओव्या तिला जात्याशिवाय नुसत्या बोलून दाखवायला सांगा. गाता येत नसल्या तरी बोलता येतात.


तबकडीवाला

कार्यक्रमासाठी माझा सल्ला असा की ‘कोण कोण मोठ्या होत्या’ अशी यादी करू नका. नाव नेमकं कुठे गळलं ते दाखवा. गळायच्या जागा ठरलेल्या आहेत: तबकडीचं लेबल, श्रेयनामावली, करारनामा, टोपणनाव. प्रत्येकाला एक उदाहरण द्या आणि एक-दीड मिनिटाचा तुकडा वाजवा.

सुरुवात १९०२ पासून करा. त्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जानच्या आवाजाच्या तबकड्या घेतल्या. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. लोकांना ही ऐट वाटते, पण त्यामागे कामाची गरज होती. मूळ ठसे जर्मनीत हानोव्हरला जायचे, तिथे तबकड्या छापणाऱ्याला कोणता ठसा कुणाचा हे त्या आवाजावरून कळायचं. हा तुकडा इंटरनेटवर सापडतो, जरूर वाजवा.

लगेच त्याच्या जोडीला १९४९चा ‘महल’. ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला विचारणा केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. ४७ वर्षांत गाणारी स्वतःचं नाव सांगणाऱ्या तबकडीपासून पात्राच्या नावाआड जाणाऱ्या तबकडीपर्यंत आली. या दोन तबकड्या लागोपाठ वाजवल्या तर भाषणाची फारशी गरज उरत नाही.

चाली लावणाऱ्या बाया हा दुसरा भाग, आणि तुमच्या गावाला हाच सर्वांत अनोळखी असेल. बॉम्बे टॉकीजचं ‘अछूत कन्या’ (१९३६) आजही आठवतं, पण त्याचं संगीत सरस्वती देवींचं. खरं नाव खुर्शीद मिनोचर-होमजी, पारशी घरातल्या. जद्दनबाईंनी १९३५मध्ये ‘तलाश-ए-हक’ला संगीत दिलं, पण आज त्यांची ओळख ‘नर्गिसची आई’ एवढीच उरली आहे. एक सावधगिरी: ‘पहिली स्त्री संगीतकार’ असं कुणालाही म्हणू नका. १९३४-३५च्या त्या दोन वर्षांत इशरत सुलताना, जद्दनबाई, सरस्वती देवी अशी दोन-तीन नावं जवळजवळ एकाच वेळी येतात आणि त्यावरून सभेत वाद झाला की उरलेला वेळ त्यातच जातो.

उषा खन्ना ‘दिल देके देखो’पासून (१९५९) पुढे कितीतरी वर्षं चाली देत राहिल्या. त्यांची गाणी लोकांना पाठ आहेत, नाव विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. हा प्रयोग सभेतच करून पाहा.

मराठीत तर तुमचं काम सोपं आहे. ‘ऐरणीच्या देवा तुला’ वाजवा आणि विचारा, चाल कुणाची? जाणकार असेल तो ‘आनंदघन’ म्हणेल. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५), ‘तांबडी माती’ (१९६९) हे चित्रपट त्यांनी त्या पुरुषी वाटणाऱ्या नावाने केले. ‘राम राम पाव्हणं’ मात्र स्वतःच्याच नावावर होता, तो आनंदघनच्या यादीत घालू नका, इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी घातलेला दिसतो. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण ते सगळ्यांना कळलं. दुसरीकडे शांता शेळके यांनी काही गाणी वसंत अवसरे या नावाने लिहिली. देशातली सगळ्यात प्रसिद्ध गायिका आणि मराठीतली मान्यवर कवयित्री, दोघींनाही चाल किंवा गीत देताना पुरुषाचं नाव घ्यावंसं वाटावं, हे जास्त बोलकं आहे. कारणं काय होती यावर मात्र ठाम बोलू नका, नुसती वस्तुस्थिती मांडा.

लहान मुलांसाठी ‘असावा सुंदर चॉकलेटचा बंगला’ ठेवा. चाल मीना खडीकरांची. अंगणवाडीतली पोरं म्हणतात, बाई शिकवतात, संगीतकाराचं नाव कुणी सांगत नाही. मीनाताईंनी ‘माणसाला पंख असतात’ (१९६१) या चित्रपटालाही संगीत दिलं आहे.

बाहेरची उदाहरणं दोनच पुरेत. ‘हाउंड डॉग’ म्हटलं की एल्व्हिस प्रेस्ली (१९५६), पण ते गाणं लीबर आणि स्टोलर यांनी बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी लिहिलं होतं आणि तिने ते १९५२मध्ये रेकॉर्ड केलं. दोन्ही अर्धा-अर्धा मिनिट वाजवा, गाणं तेच असलं तरी माणूस बदलल्यासारखं वाटतं. दुसरी डेलिया डर्बिशायर. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत (१९६३) रॉन ग्रेनरच्या नावावर. त्याने दिलेल्या स्वरलिपीवरून फितीचे तुकडे कापून, वेग कमी-जास्त करून, जोडून ते प्रत्यक्षात उभं केलं ते डेलियाने. तिचं नाव पडद्यावर यायला २०१३ उजाडलं, तोवर ती हयात नव्हती. इथे कुणी चोरी केली असं नाही. ग्रेनरला तिला अर्धा वाटा द्यायचा होता, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. नाव गळायला दुष्ट माणूस लागतोच असं नाही, रकाना नसला तरी पुरतं.

शेवट करायचा असेल तर ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) घ्या. संगीत स्नेहा खानवलकर. त्यातलं ‘वुमनिया’ रेखा झा आणि खुशबू राज यांनी गायलं आणि त्यांची नावं गाण्यासोबत आहेत. गावाकडचा आवाज सिनेमात घेऊनही नाव ठेवता येतं, एवढं त्यातून दिसतं.


माहेर_मूर्तिजापूर

वरच्या दोघाईनं चांगलं सांगितलं. पन भुलाबाईच्या बाबतीत नाव लावतानी जरा दमानं घेजा. थे गानं कोन्या एका बाईनं बसून लिहिलं नाई. ‘गीत: अमुकबाई’ असं छापून मोकळे झाले, तर बाजूच्या गावची बाई म्हनीन, हे तं माह्या आजीचं हाये. म्हनून ‘गीत’ आन ‘चाल’ या रकान्यात पारंपरिकच लिहा, पन ‘कोनी गायलं’ हा रकाना भरल्याशिवाय फाइल बंद करू नोका. पुढं कोन म्हने आन झेलनाऱ्या कोन, थेही वायलं वायलं लिहा.

नाव कसं इचारता त्यावर सारं हाये. म्हातारी बाई सोताचं नाव सांगत नाई, ‘लिही, बंड्याची माय’ म्हनते. तिले तिचं सोताचं नाव इचारा, मंग सासरचं आडनाव, मंग माहेरचं आडनाव आन माहेरचं गाव. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून काढायच्या मांगं लागू नोका, बाजूची सांगीन. माहेरचं गाव कायले पाह्यजे? कारन गानं सडकेनं जात नाई, लगनानं जाते. अंजनगावची पोरगी दर्यापुरात आली का तिचं गानं तिच्यासंग आलं. तुमी नुसतं ‘रेकॉर्डिंगचं गाव’ लिहिलं तं गान्याचा नकाशाच चुकला. ‘कोनापासून शिकली’ हाही रकाना ठेवजा: माय, आजी, आत्या, जाऊ. जावेपासून शिकली असन तं जावेचंही माहेर इचारा.

आन ‘हे कोनं रचलं?’ असं कधीच इचारू नोका. उत्तर एकच येते, ‘जुनंच हाये’. असं इचारा: ‘हे कडवं तुमच्या मायले येत होतं का?’ येत नव्हतं म्हनली का थांबा, तिथं काईतरी हाये. मोबाईलचं, एसटीचं, बचतगटाचं कडवं शंभर वर्षांपूर्वीचं असूच शकत नाई. थे कोन्या तरी जित्या बाईनं टाकलं, आन बहुतेक वेळा थे समोरच बसून असते. तेवढ्या कडव्यापुरतं तिचं नाव ‘रचना’ म्हनून लिहा. बाकी पारंपरिक.

शब्द उतरवतानी ‘मले’चं ‘मला’ करू नोका, ‘गेल्ती’चं ‘गेली होती’ करू नोका. मात्रा वाढते, मंग वाचनाऱ्याले वाटते बाई ठेक्यात चुकली. शाळेतल्या पोराईले लिहाले बसवलं तं हेच होते, पोरं शुद्धलेखन करतात. पह्यलेच बजावून ठेवजा.

गावालगत बंजारा तांडा असन तं तिथल्या तीजेच्या गान्याले याच यादीत कोंबू नोका, वायली वही करा. भाषेचं नाव लिहा, आन अर्थ सांगनारी बाई तांड्यातलीच घ्या. अर्थ सांगनारीचंही नाव लिहाचं असते, थे तं सगळेच इसरतात.

नमुना पाह्याचा असन तं जात्यावरच्या ओव्याईचा पाहा. हेमा राईरकर आन गी पॉइतवँ याईनं महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आन २०१७ पासून थ्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर येऊन रायल्या. बाईचं नाव आन गाव ओवीसंगच हाये. जातं तं साऱ्याईच्याच घरी होतं, तरी नाव टाकता आलं नं.


गावचं_वाचनालय

सगळ्यांचे आभार, रकाने आजच आखतो. दोन गोष्टी राहिल्या. गाणाऱ्यांपैकी दोघी म्हणतात, ‘आमचं नाव नको टाकू’. त्यातल्या एकीची सून म्हणते, टाकाच. काय करावं? दुसरं, त्या चॅनेलवाल्याशी बोलणं झालं. तो म्हणतो, पारंपरिक गाण्यावर कुणाचा हक्क नसतो आणि रेकॉर्डिंग माझं आहे. हे खरं का?


कागद_पक्का

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच पुष्कळ चॅनेल चालतात.

एका रेकॉर्डिंगमध्ये तीन हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्द आणि चाल खरोखर जुनी असेल तर तो हक्क कुणाचाच नाही, इथपर्यंत तो बरोबर. रेकॉर्डिंगचा हक्क ते करणाऱ्याचा, ६० वर्षं. पण मधला हक्क तो सांगत नाही: कलावंताचा, म्हणजे गाणाऱ्या बाईचा. १९९४च्या दुरुस्तीने तो कॉपीराइट कायद्यात आला, तेव्हा मुदत २५ वर्षं होती, १९९९मध्ये ५० झाली. कलम ३८ ते ३८ब वाचा. गाणं शंभर वर्षं जुनं असलं तरी त्या दिवशीचं गाणं बाईचंच. तिच्या परवानगीशिवाय ते रेकॉर्ड करणं किंवा लोकांपुढे आणणं हा हक्कभंग आहे. आणि २०१२च्या दुरुस्तीतल्या ३८बने तिला आपल्या सादरीकरणाची कलावंत म्हणून ओळख मागायचाही हक्क दिला. तो हक्क रेकॉर्डिंग विकलं किंवा देऊन टाकलं तरी संपत नाही. कायद्याने नाव वगळता येतं ते सादरीकरण कसं वापरलं जातंय त्यावरून अपरिहार्य असेल तेव्हाच. व्हिडिओच्या खाली सात नावं लिहायला जागा नव्हती, हे त्यात बसणार नाही.

तरीही लगेच तक्रार ठोकू नका. व्हिडिओखालचा मजकूर कधीही बदलता येतो, त्यासाठी व्हिडिओ काढावा लागत नाही की त्याचे व्ह्यूज जात नाहीत. त्याला सातही नावं टाइप करून पाठवा, नुसतं पेस्ट करायचं काम ठेवा. पहिल्या दोन ओळींतच टाका म्हणावं, कारण मोबाईलवर त्यापुढचं झाकलेलं राहतं. ऐकलं नाही तर हटवण्याची तक्रार खुद्द गाणाऱ्या बाईने किंवा तिने लेखी नेमलेल्या माणसाने करायची असते. वाचनालयाला परस्पर करता येत नाही.

उलटा धोकाही लक्षात ठेवा. तुम्ही तुमचं रेकॉर्डिंग चढवाल आणि चार दिवसांत त्यावरच एखाद्या कंपनीचा दावा येईल. कुणीतरी तीच चाल वाद्यं लावून यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलेली असते आणि यंत्राला चाल जुनी आहे हे कळत नाही. घाबरून व्हिडिओ काढू नका. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओवर जाऊन दाव्याला हरकत घ्या, ‘चाल पारंपरिक, हे रेकॉर्डिंग आमचं, अमुक तारखेला अमुक गावात’ एवढं लिहा. दावा करणाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर दावा सुटतो. म्हणून मूळ वेव्ह फाइल जपा, हरकतीला तीच कामाला येते.

परवानगी एकाच सहीत गुंडाळू नका. तीन प्रश्न वेगळे विचारा आणि तिन्हींची उत्तरं वेगळी लिहा: रेकॉर्ड करू का, गावात वाजवू का, इंटरनेटवर टाकू का. पुष्कळ बाया पहिल्या दोनला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. चॅनेलवर जाहिराती लागल्या तर पैशाचं काय, हा चौथा प्रश्न आधीच निकाली काढा. रक्कम किती का लहान असेना, नंतर भांडण त्यावरूनच होतं. सही येत नसेल तर अंगठा आणि रेकॉर्डरवर तोंडी होकार, दोन्ही घ्या. आणि हे सगळं तिला वाचून दाखवा, तिच्या सुनेला नव्हे.

नाव नको म्हणणाऱ्या दोघींबद्दल: सुनेचं ऐकू नका, बाईचं ऐका. जाहीर ठिकाणी ‘दर्यापूर तालुक्यातील एक ज्येष्ठ गायिका’ लिहा आणि खरं नाव वाचनालयाच्या बंद नोंदवहीत ठेवा, तिच्या परवानगीने. मत बदललं तर कधीही टाकता येतं. एकदा जाहीर झालेलं नाव मात्र मागे घेता येत नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मोफत फाइलींच्या साठ्यात) द्यायचा विचार असेल तर तिथे ‘फक्त अव्यावसायिक वापर’ अशी अट चालत नाही, नाव देऊन कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकेल असा परवाना लागतो आणि तो परत घेता येत नाही. ही गोष्ट बायांना साध्या भाषेत सांगा: ‘उद्या कुणी तुमच्या गाण्यावर डीजे वाजवला तरी चालेल का?’ नाही म्हणाल्या तर तिथे टाकू नका. दुसरी वाट म्हणजे गुरुग्रामचं आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी. त्यांचं कामच अशी रेकॉर्डिंग सांभाळण्याचं आहे. देण्याआधी कुणी, कसं ऐकावं याच्या अटी त्यांच्याशी लेखी ठरवून घ्या.


काळी_पाच

तबकडीवाल्यांनी गौहर जानचं लिहिलं तेच इथे करायचं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, गाणं सुरू व्हायच्या आधी, पुढे म्हणणारीने स्वतः बोलायचं: तारीख, गाव, माझं नाव, माहेर, आणि झेलणाऱ्यांनी एकेक करून आपापलं नाव. तीस सेकंद लागतात. नंतर कुणी हा तुकडा कापून टाकेल ही भीती असेल तर गाणं संपल्यावर श्वास न तोडता पुढे म्हणणारीने पुन्हा एकदा नाव सांगावं. ते गाण्याच्या शेवटच्या घुमाऱ्याला चिकटलेलं असतं, सफाईने कापता येत नाही. ज्या दोघींना नाव नको आहे त्यांच्या फाइलला अर्थातच हे करू नका, त्यांची नावं वहीतच.

फाइलचं नाव त्याच रात्री बदला. यंत्राने दिलेला नुसता क्रमांक आठवड्याने कुणाला ओळखू येत नाही. तारीख, गाणं क्रमांक, पुढे म्हणणारी, खंजिरीसह की नुसतं, एवढं पुरे. एमपी३ प्रत काढताना ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात बायांची नावं टाका, वाचनालयाचं ‘कॉमेंट’मध्ये. बहुतेक जण इथे उलटं करतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधी ऑडिओ म्हणून पाठवली की पुढच्या मोबाईलमध्ये फाइलचं नाव बदललेलं सापडतं आणि तुमची सगळी मेहनत तिथे गळते.

प्रती तीन: एक वाचनालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक गावाबाहेर कुणाकडे तरी. दुसरी प्रत उघडून ऐकल्याशिवाय कार्ड पुसू नका. पहिल्या संध्याकाळी गाणी घेऊच नका, फक्त नावं सांगायचा भाग सगळ्यांचा घ्या आणि तिथेच इयरफोनवर त्यांना ऐकवा. कुणाचं नाव अस्पष्ट आलं, कोण माइकपासून लांब आहे, पंप चालू आहे की बंद, सगळं त्या दहा मिनिटांत कळतं.